चेहऱ्याची पुनर्रचना आणि पुराव्याची कसोटी

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरीला पोहोचतो आणि तेथे त्याला फाटा फुटतो. एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो. दुसरा वर्ध्याकडे वळून यवतमाळ, नांदेडमार्गे तुळजापूर गाठतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण वसाहतीमुळे या गावात कामगारांची आणि अवजड वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. अशा ठिकाणी एखाद्याचा जबडा अपघातात मोडला, चेहरा भाजला किंवा गालाच्या आतील जखम कर्करोगाची निघाली, तर त्याला कोठे न्यावे, याची उत्तरे दोन दिशांना आहेत. उत्तरेस मिहानमधील ‘एम्स’ आणि त्यापुढे नागपूरचे ‘मेडिकल’ व शासकीय दंत महाविद्यालय. वर्ध्याच्या बाजूस सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय.

ही सर्व अध्यापन रुग्णालये आहेत. तेथे उपचाराबरोबर अध्ययन आणि संशोधनही चालते. त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णापुढे कधीकधी दोन कागद येतात. पहिला शस्त्रक्रियेच्या संमतीचा, तर दुसरा एखाद्या अभ्यासात सहभागी होण्याच्या संमतीचा. पहिल्या कागदाचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा कागद मात्र अनेकदा न वाचताच सही करून परत दिला जातो, किंवा ‘आपल्यावर प्रयोग करणार’ या भीतीने नाकारला जातो. चेहऱ्याच्या पुनर्रचनेतील चिकित्सालयीन संशोधन म्हणजे काय, त्याची गरज का भासते आणि त्यात रुग्णाचे स्थान कोणते, हे समजून घेतल्यास या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग सापडू शकतो.

कुंभाराची कला आणि शल्यविद्या

‘प्लॅस्टिक सर्जरी’ या नावाचा प्लॅस्टिक नावाच्या पदार्थाशी काहीही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देणे’, ‘मातीप्रमाणे घडविणे’ असा आहे. मराठीत तिला सुघटन शल्यचिकित्सा असे नाव आहे. तिचे दोन भाग पडतात. चांगल्या अवयवाचे रूप अधिक खुलविणे, हे सौंदर्यशल्यक्रियेचे काम. तर जन्मतः, अपघाताने किंवा रोगाने बिघडलेला अवयव पुन्हा घडविणे, हे पुनर्रचनेचे काम. चेहऱ्याच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट होते, कारण ओठ, नाक, जबडा, पापणी हे अवयव एकाच वेळी कामही करतात आणि माणसाची ओळखही असतात. शिवलेला ओठ सुरेख दिसला, पण त्यातून पाणी गळत राहिले, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते. जबडा उत्तम जुळला, पण रुग्ण लोकांत जाण्यास धजत नसेल, तरीही ती अपुरीच.

या शाखेच्या इतिहासात महाराष्ट्राला मानाचे स्थान आहे. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक व कान पुन्हा घडविण्याचे वर्णन आहे. पाश्चात्त्य जगाला मात्र या कलेची ओळख नव्याने झाली ती पुण्यातील एका घटनेमुळे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका वैदूने त्याच्या कपाळावरील कातडीचे नवे नाक घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात याची हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली. या वैदूची जात पत्रात वीट करणाऱ्यांची सांगितली आहे. पुढील लेखक त्याला कुंभार म्हणतात. आकार देण्याच्या विद्येला कुंभाराचा हात लागावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्या पत्रातील तपशील आजच्या शल्यविशारदालाही गुंतवून ठेवणारा आहे. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याला नाकाचा आकार देण्यात आला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला गेला आणि त्याच्या कडेने रेघ ओढून कातडी सोडविण्यात आली. दोन भुवयांच्या मधला पट्टा मात्र तसाच जोडलेला ठेवला, जेणेकरून कातडीला रक्त मिळत राहावे. ती खाली वळवून नाकाच्या खुंटाभोवती बसविण्यात आली. सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात भिजविलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक चिकटविल्या होत्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले फडके ठेवण्यात आले. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला पट्टा कापून नाक सुटे करण्यात आले. कपाळावरील त्वचेचा असा पट्टा वापरून नाक घडविण्याची पद्धत आजही जगभर प्रचलित आहे आणि तिला ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच ओळखले जाते.

ही हकीकत वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. दोन रुग्णांची सविस्तर माहिती त्यांनी १८१६मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आजच्या परिभाषेत १७९४चे पत्र म्हणजे एका रुग्णाचा वृत्तांत होय, तर कार्प्यू यांचे पुस्तक म्हणजे दोन रुग्णांचा. ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, असेही त्या पत्रात म्हटले होते. चिकित्सालयीन संशोधनाचा सारा खटाटोप या ‘बहुधा’ शब्दापाशी सुरू होतो. किती जणांपैकी किती? यश म्हणजे काय? ते केव्हा मोजले? ज्यांची कातडी काळी पडून गळाली, त्यांची नोंद कोणी ठेवली? पुण्यातील त्या कुशल हातांकडे या प्रश्नांची उत्तरे कदाचित असतीलही. पण ती लिहून ठेवलेली नसल्याने त्यांच्याबरोबरच गेली.

नागपूरचे वर्गीकरण

संशोधनाची पहिली पायरी म्हणजे सर्वांनी एकाच गोष्टीला एकच नाव देणे. या कामात नागपूरचा वाटा मोठा आहे. १९४७मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग प्रा. सी. बालकृष्णन यांनी उभारला. देशातील या विषयाच्या अगदी सुरुवातीच्या स्वतंत्र विभागांत त्याची गणना होते. दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांचे त्यांनी केलेले सुटसुटीत वर्गीकरण १९७५मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ प्लॅस्टिक सर्जरी’त प्रसिद्ध झाले. ते ‘नागपूर वर्गीकरण’ किंवा ‘भारतीय वर्गीकरण’ या नावाने पाठ्यपुस्तकांत आढळते. पहिला गट ओठाच्या दुभंगाचा, दुसरा टाळूच्या दुभंगाचा आणि तिसरा ओठ, हिरडी व टाळू असा सलग दुभंग असलेल्यांचा.

वरवर पाहता ही केवळ कागदोपत्री सोय वाटेल. तिचे महत्त्व तुलनेत कळते. केवळ ओठ दुभंगलेल्या बाळाला पुढे बोलण्यात सहसा अडचण येत नाही. टाळू दुभंगलेल्या बाळाचा आवाज मात्र नाकातून येऊ शकतो. एका रुग्णालयाने पहिल्या गटातील मुले अधिक संख्येने घेतली आणि दुसऱ्याने तिसऱ्या गटातील, तर पहिल्याचे निकाल आपोआप चांगले दिसतील. त्यात शल्यविशारदाच्या कौशल्याचा भाग किती आणि रुग्णांच्या निवडीचा किती, हे गट वेगळे केल्याशिवाय सांगता येत नाही.

जगभरात साधारणतः ७०० जन्मांमागे एका बाळात ओठाचा किंवा टाळूचा दुभंग आढळतो. अशी बाळे लवकर हुडकून काढण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३मध्ये पालघर येथून झाला. या कार्यक्रमात ज्या ३० आरोग्यसमस्यांची तपासणी ठरविण्यात आली, त्यांत या व्यंगाचाही समावेश आहे.

विदर्भाचे स्वतःचे प्रश्न

कोणत्या विषयावर संशोधन व्हावे, हे त्या मुलखातील रोगांवरून ठरते. विदर्भात चेहऱ्यावर आघात करणारा जुना रोग म्हणजे कुष्ठरोग. त्यात नाकाचा आतील आधार झिजून नाक बसते, भुवया झडतात आणि चेहऱ्याची नस दुबळी झाल्याने पापणी मिटत नाही. उघड्या राहिलेल्या डोळ्याला इजा होऊन अंधत्व येते. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही कुष्ठसेवेची केंद्रे याच टापूतली. रोग औषधाने बरा झाला, तरी चेहऱ्यावरील खूण राहिल्याने माणूस घरी परतू शकत नसे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरुग्णांचे नाक, पापण्या आणि हात पुन्हा घडविण्याच्या कामाला वाहून घेतले. पापणी मिटविण्यासाठी कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची पट्टी वळवून घेण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिचे यश आरशात दिसत नाही, डोळा शाबूत राहण्यात दिसते.

दुसरा प्रश्न खर्‍र्‍याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा नागपूर परिसरात पानठेल्यांवर सर्रास मिळत आला आहे. महाराष्ट्रात २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी ही सवय सुटली नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये प्रसिद्ध केला. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ आवरण घट्ट, पांढुरके आणि दोरीसारखे होते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. निरोगी माणसाचे तोंड साधारण तीन बोटे मावतील इतके उघडते. या रुग्णांच्या तोंडात एक बोट शिरणेही कठीण होते. तिखट सोसत नाही, घास घेता येत नाही आणि काहींना पुढे कर्करोग होतो.

या विकारात आवळलेल्या दोऱ्या कापून उघड्या पडलेल्या जागी गालातील चरबीची गादी किंवा नाकाशेजारच्या त्वचेचा पट्टा बसवितात. शस्त्रक्रियेच्या मेजावर तोंड भरपूर उघडते. पण जखम भरताना ती आवळते आणि रुग्णाने तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने केला नाही, तर मिळविलेले हातचे निसटते. म्हणून या शस्त्रक्रियेचा निकाल त्या दिवशीच्या मोजपट्टीवर ठरत नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुढच्या दातांमधले अंतर किती मिलिमीटर भरते, ते पाहावे लागते. जो अभ्यास वर्षभराचा आकडा देत नाही, त्याने अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

तिसरा प्रश्न अपघातांचा. चेहऱ्याच्या मधल्या भागाची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात, हे फ्रान्सचे रेने ले फोर यांनी १९०१मध्ये मृतदेहांवरील प्रयोगांतून दाखविले आणि त्यांच्या नावाचे तीन प्रकार आजही वापरात आहेत. पूर्वी मोडलेला जबडा जुळेपर्यंत वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून ठेवीत. रुग्णाला अनेक आठवडे पातळ अन्नावर राहावे लागे. १९७०च्या दशकात युरोपात लहान धातुपट्ट्यांचे तंत्र रुजले आणि अनेकांची ही कोंडी सुटली. हनुवटी न झाकणारे अर्धे हेल्मेट डोके काही अंशी वाचविते, जबडा मात्र उघडाच ठेवते, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

चौथा प्रश्न २०२१मध्ये अकस्मात उभा राहिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने थैमान घातले. महाराष्ट्र हे सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांपैकी एक होते आणि नागपुरातील रुग्णालयांवरही मोठा ताण आला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. नाकातून शिरलेली बुरशी टाळू, गालाचे हाड आणि डोळ्यापर्यंत पोहोचे. मे २०२१मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. अँफोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा असताना वर्ध्यातील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. जीव वाचविण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. असा रुग्ण बोलला, तर शब्द नाकातून येतात. पाणी प्यायला, तर ते नाकातून बाहेर पडते.

जबड्याची पोकळी झाकण्यासाठी कृत्रिम टाळू बसविणे, गालाच्या हाडात रोपण करून त्यावर दात उभारणे, पायाच्या नडगीशेजारचे हाड रक्तवाहिन्यांसह आणून जबडा घडविणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता केव्हा निवडावा, याचा पुरावा मात्र मुख्यतः एकेका रुग्णालयातील रुग्णमालिकांपुरता आहे. साथीच्या धामधुमीत दोन पद्धतींची रीतसर तुलना करण्यास उसंत नव्हती.

पुराव्याच्या पायऱ्या

पुराव्याची उतरंड सर्वसाधारणपणे अशी मांडतात. एका रुग्णाचा वृत्तांत सर्वांत खाली. त्यावर एकाच पद्धतीने उपचार केलेल्या अनेक रुग्णांची मालिका. त्यावर दोन गटांची तुलना. सर्वांत वर यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा, हे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविणे. त्यामुळे दोन्ही गट वय, रोगाची तीव्रता आणि इतर बाबतींत सारखे राहण्याची शक्यता वाढते.

औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि नकली गोळी सारखी दिसू शकते. शस्त्रक्रियेत ते साधत नाही. कपाळावर व्रण आहे की नाही, हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही दिसते. शिवाय शल्यविशारदाचा हात सरावाने सुधारतो. नव्या पद्धतीचे पहिले दहा रुग्ण आणि जुन्या पद्धतीचा हजारावा रुग्ण यांची तुलना न्याय्य ठरत नाही. यावर उपाय म्हणून निकाल तपासणारी व्यक्ती वेगळी ठेवतात आणि कोणाला कोणता उपचार झाला, हे तिला कळू देत नाहीत.

निकाल मोजण्याची साधनेही आता ठरलेली आहेत. चेहऱ्याच्या नसेचा लुळेपणा सहा श्रेणींत मोजणारी हाउस-ब्रॅकमन पद्धत १९८५पासून रूढ आहे. छायाचित्रे ठरावीक अंतरावरून, ठरावीक प्रकाशात आणि ठरावीक कोनांतून घेतली जातात. अन्यथा केवळ प्रकाश बदलून व्रण लपविता येतो. अलीकडे रुग्णाच्या स्वतःच्या मताला संशोधनात स्थान मिळाले आहे. ओठ-टाळूच्या दुभंगासाठी ‘क्लेफ्ट-क्यू’ ही प्रश्नावली भारतासह १२ देशांतील मुले व तरुण यांच्यात तपासून पाहण्यात आली. आपले दिसणे, बोलणे, शाळेतील आणि मित्रांतील वावर यांविषयी तो मुलगा किंवा ती मुलगी स्वतः काय म्हणते, हे त्यात नोंदविले जाते. डॉक्टरला सुरेख वाटणारा ओठ त्या मुलीलाही तसाच वाटतो का, या प्रश्नाला त्यामुळे अधिकृत जागा मिळाली.

दोन चाचण्या, दोन धडे

रीतसर चाचणीने काय साधते, याचे ठळक उदाहरण मुंबईत आहे. तोंडाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा वेळी तोंडातील शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढाव्यात, की वाट पाहून गाठ आल्यास नंतर काढाव्यात, यावर अनेक दशके मतभेद होते. दोन्ही बाजूंना नामवंत शल्यविशारद होते. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात यादृच्छिक चाचणी केली. ५०० रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २०१५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. शंभर रुग्णांमागे बारा-तेरा जीवांचा हा फरक केवळ अनुभवाच्या जोरावर इतक्या स्पष्टपणे दिसला नसता. विदर्भातील खर्रा खाणाऱ्या रुग्णालाही या निष्कर्षाचा थेट उपयोग आहे.

दुसरी चाचणी टाळूची. टाळूचा दुभंग बाळ सहा महिन्यांचे असताना शिवावा की बारा महिन्यांचे असताना, या प्रश्नावर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील केंद्रांनी मिळून ५५८ बाळांची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३मध्ये त्याच नियतकालिकात आले. मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बोलण्याचे मुद्रण करून ते अशा तज्ज्ञांना ऐकविण्यात आले, ज्यांना मूल कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नव्हते. बोलताना टाळू नीट न मिटण्याचे प्रमाण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८.९ टक्के, तर उशिरा झालेल्यांत १५ टक्के आढळले. अर्थात, ही बाळे अन्य दृष्टींनी निरोगी होती आणि बाळांना भूल देण्याची उत्तम सोय असलेल्या केंद्रांतील होती. अशक्त, कमी वजनाच्या बाळाच्या आईवडिलांनी हा आकडा वाचून घाई करणे इष्ट नव्हे.

या चाचणीतील आणखी एक आकडा बोलका आहे. ५५८ मुलांपैकी मुख्य निष्कर्षासाठी ४६१ मुलांची पुरेशी माहिती मिळाली. इतक्या काटेकोर नियोजनातही जवळपास शंभर मुलांविषयी अंतिम उत्तर हाती आले नाही.

न परतलेला रुग्ण

हीच या शाखेतील संशोधनाची सर्वांत दुबळी कडी होय. चेहऱ्यावरील व्रण पक्व होण्यास वर्ष लागते. टाळू शिवलेल्या मुलाचे बोलणे पाच वर्षांनी समजते आणि जबड्याची वाढ तर ऐन तारुण्यात स्पष्ट होते. इतका काळ रुग्णाने फेऱ्या घालाव्या, अशी अपेक्षा असते. बुटीबोरीतील कंत्राटी कामगारासाठी एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. परप्रांतातून आलेला कामगार काम संपले की गावी निघून जातो. शेतकरी कुटुंब पेरणीच्या दिवसांत येत नाही. भ्रमणध्वनीचा क्रमांक बदललेला असतो.

असा रुग्ण नोंदवहीतून गळला की दोन उलट शक्यता उद्भवतात. तो पूर्ण बरा झाल्यामुळे आला नसेल. किंवा निकाल वाईट लागल्यामुळे निराश होऊन दुसरीकडे गेला असेल. जे परतले, त्यांच्याच आधारे टक्केवारी काढली, तर १७९४च्या पत्रातील ‘बहुधा यशस्वी’ हे शब्द आकड्यांच्या वेशात पुन्हा अवतरतात. म्हणून चांगल्या अभ्यासात किती रुग्ण घेतले, किती शेवटपर्यंत राहिले आणि जे राहिले नाहीत ते का, हे तिन्ही सांगितले जाते. शोधनिबंध वाचताना किंवा एखाद्या दवाखान्याची जाहिरात पाहताना वाचकानेही हाच प्रश्न विचारावा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे हा एका रुग्णाचा वृत्तांत असतो आणि तोही निवडून काढलेल्या रुग्णाचा. मूलपेशींच्या नावाने चेहरा तरुण करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींबाबत तर अधिक सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही प्रस्थापित रक्तविकारांवरील उपचार वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही.

दुसऱ्या कागदावरील सही

अभ्यासात सहभागी होण्यापूर्वी रुग्णाला काही गोष्टी विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. अभ्यास कशाचा आहे? त्यात न शिरल्यास कोणता उपचार मिळेल? दोन पद्धतींपैकी आपल्याला कोणती मिळणार, हे कोण ठरविणार? किती फेऱ्या घालाव्या लागतील? माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि सही करण्यापूर्वी घरच्यांशी बोलण्यास वेळ मिळाला पाहिजे. नकार दिल्याने नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये, तसेच मध्येच बाहेर पडण्याची मुभाही असते. केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च रुग्णावर टाकू नये. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत या बाबी नमूद आहेत. २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी औषधचाचण्यांतील भरपाई आणि नैतिक समित्यांची नोंदणी यांना कायद्याचा आधार दिला.

चाचणी खुलेपणाने नोंदविलेली आहे का, हेही पाहता येते. भारताची चिकित्सालयीन चाचण्यांची नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९पासून औषध नियंत्रकांनी तेथील नोंदणी बंधनकारक केली. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिचा हेतू आणि निकालाचे माप जाहीर केल्यामुळे, मनासारखा आकडा न आल्यास माप बदलण्याची पळवाट बंद होते. ही नोंदवही महाजालावर कोणालाही पाहता येते.

चेहऱ्याच्या अभ्यासात छायाचित्राचा प्रश्न विशेष नाजूक असतो. हाताचे किंवा पोटाचे छायाचित्र नावाशिवाय छापता येते. चेहरा हेच नाव असते. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपते, हा जुना समज वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी बाजूला सारला आहे. अशा छायाचित्रासाठी स्वतंत्र लेखी संमती हवी. सीटी स्कॅनच्या प्रतिमांमधूनही संगणकावर चेहरा उभा करता येतो, हे ध्यानात घेऊन त्याही जपाव्या लागतात.

रुग्णाने होकार द्यावा की नकार, हा त्याचा निर्णय. त्याने होकार दिला, तर त्याच्याकडून अपेक्षित असलेली गोष्ट साधी, पण अवघड आहे. ठरलेल्या तारखेला, चेहरा चांगला दिसत असो वा नसो, त्याने परत यायचे आहे. आणि त्याला परत येणे परवडावे, याची तजवीज संशोधकांनी अभ्यास आखतानाच करायची आहे. कावसजीच्या नव्या नाकाचे चित्र जगाने पाहिले. त्याच वैदूच्या हातून गेलेल्या इतर रुग्णांचे काय झाले, हे कोणालाच ठाऊक नाही. बुटीबोरीहून मेडिकलला किंवा सावंगीला फेरतपासणीसाठी गेलेल्या रुग्णाच्या कागदावर वर्षानंतरचा आकडा लिहिला जातो, तेव्हा ती उणीव एका रुग्णापुरती भरून निघते.